टाकीमागचा सूर्य

आज पहाटे दार उघडलं आणि शिजणाऱ्या चिकाचा वास थेट घरात आला. आंबूस, ऊबदार, थोडा हिंगाचा. म्हणजे शेजारच्या जिजींचे गहू चौथ्या दिवसाला पोचले. तीन दिवस भिजवायचे, वाटून चीक गाळायचा, तो खाली बसू द्यायचा आणि चौथ्या दिवशी उजाडायच्या आत शिजवून कुरडया घालायच्या. हे वेळापत्रक आमच्या कॉलनीत रेल्वेच्या वेळापत्रकापेक्षा जास्त पाळलं जातं. होळी झाली, द्राक्षांच्या गाड्या रोडावल्या, दुपारी अंगणातली फरशी पायाला चटके द्यायला लागली की आमच्याकडे वाळवणाचे दिवस येतात. लोकांना मोगरा आठवतो, आंबा आठवतो. मला मात्र या दिवसांत एक थंडगार खोली आठवते, दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपलांची रांग आठवते आणि पडद्यावर चुकीच्या बाजूनं उगवलेला एक सूर्य.

तो उन्हाळा नव्या शतकाचा दुसरा. मी एकोणचाळीस वर्षांची होते आणि सोळा वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात हातानं नकाशे काढत होते. ट्रेसिंग पेपर, शाईचं पेन, लांब पट्टी आणि ब्लेड, एवढी माझी आयुधं. ब्लेड खाडाखोडीसाठी. शाईची रेघ चुकली की ती कागदावरून अशी खरवडायची की कागद फाटू नये, डाग राहू नये आणि सरांना कळू नये. पानभर लांब रेघ ओढताना मी श्वास रोखून धरत असे. घरी पोळी लाटतानासुद्धा कधी कधी माझा श्वास रोखलेला असायचा. नकाशाच्या अमोनिया प्रिंट निघत तेव्हा डोळ्यांतून पाणी येई आणि त्या वासाचा मला अभिमान वाटे, हे आता सांगायला हरकत नाही. माझं अक्षर सरळ, माझ्या रेघा एकजाड, आणि ‘ताईंचं ड्रॉइंग’ म्हटलं की साइटवरचा मुकादमसुद्धा चष्मा पुसून घेई.

आणि एके सकाळी सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, “दिवाळीनंतर ड्रॉइंग बोर्ड निघणार. कॉम्प्युटर येणार. कॉलेज रोडला तीन महिन्यांचा कोर्स सुरू होतोय. इमारतीचं मॉडेल, शहराचं नियोजन, सगळं कॉम्प्युटरवर शिकवतात. फी ऑफिस भरेल. जो पास होईल, त्याची खुर्ची राहील.” सर वाईट नव्हते. वाईट माणसानं हे इतक्या आधी सांगितलं नसतं. पण शेवटचं वाक्य मी घरी पोचेपर्यंत मनात घोळवत राहिले.

आमचे हेड ड्राफ्ट्समन दामूअण्णा चांदवडचे. निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं, त्यामुळे त्यांना कशाची भीती नव्हती. ते म्हणाले, “ताई, जा तुमी. मशीन लय शानं आसंल, पन त्याला सांगाया कुनीतरी शानं लागतंय ना?” मला ड्रॉइंगचा पहिला धडा त्यांनीच दिला होता. तो असा : रस्ता नेहमी पायाशी. कागद कसाही असो, प्लॉट कसाही असो, रस्ता कागदाच्या खालच्या कडेला घ्यायचा. कारण मालक रस्त्यावर उभा राहून आपलं घर बघतो. त्याच्या हातात नकाशा दिला की दार त्याच्याकडे तोंड करून आलं पाहिजे. उत्तर कुठं आहे ते कोपऱ्यात एक बाण काढून सांगायचं, की झालं. सोळा वर्षं मी हजारो रस्ते पायाशी घेतले आणि हजारो बाण कोपऱ्यात काढले. त्या बाणाकडे मी स्वतः किती वेळा पाहिलं असेल? एकदाही नाही.

कोर्सच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे, देवळात जावं तसं. आत एसी. बाहेर मार्च तापू लागलेला आणि आत मी पदर खांद्याभोवती गुंडाळून बसलेली. वर्गातली बाकीची मुलं-मुली माझ्या लेकीपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी असतील, बस्स. शिकवणारे अमोल सर चोवीस वर्षांचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला ‘मॅडम’ म्हटलं, आठवड्यानं ‘काकू’. मी मात्र त्यांना शेवटपर्यंत ‘सर’च म्हटलं. विद्येला वय नसतं असं आपण म्हणतो. माझ्या बोटांना मात्र होतं. माउस टेबलावरून खाली जाई, बाण पडद्यावरून नाहीसा होई, आणि मी त्याला शोधत बसे. शेजारची मुलगी हळूच म्हणे, “काकू, माउस उचलून परत ठेवा.” उचलून ठेवता येतो हे मला चौथ्या दिवशी कळलं.

पाचव्या दिवशी मला रडू आलं. कारण सांगितलं तर हसाल. मी एक भिंत चुकीची काढली आणि अमोल सरांनी दोन कळा दाबल्या. भिंत नाहीशी. ना डाग, ना ओरखडा. ब्लेडनं खरवडून खरवडून माझ्या उजव्या अंगठ्याला पडलेला घट्टा मी टेबलाखाली चाचपून पाहिला. सोळा वर्षांचं कसब दोन कळांत इतिहासजमा झालं होतं. सर म्हणाले, “काकू, आता कितीही चुका. मशीन रागावत नाही.” त्यांना वाटलं, मी घाबरलेय. मला तर तेव्हा चक्क मत्सर वाटत होता.

पण मत्सराचं एक बरं असतं, तो माणसाला कामाला लावतो. मी सकाळी ऑफिस करून दुपारी वर्गाला जाई आणि घरी आल्यावर लेकीला समोर बसवून कळांची नावं पाठ करी. तिची दहावीची परीक्षा नुकती संपली होती. ती हातात पट्टी घेऊन माझी तोंडी परीक्षा घेई आणि चुकलं की डोळे वटारी, अगदी मी तिच्या पाढ्यांच्या वेळी वटारत असे तसे. महिन्याभरात रेघा उभ्या राहू लागल्या. म्हणजे खरोखर उभ्या. कागदावर जी भिंत मी आयुष्यभर आडवी पाहिली, ती जमिनीतून वर येई, तिला खिडकी फुटे, आणि मी त्या खिडकीतून आत जाई. वीज गेली की खोलीभर यूपीएस बोंबलत सुटत आणि मिनिटभरात सगळं घर काळं होई. वीज आली की पुन्हा पहिल्यापासून. मुलं कंटाळत. मला काही वाटत नसे, मला पुन्हा पहिल्यापासून काढायची सवय होती.

शनिवारी शहर-नियोजन शिकवायला एक बाई येत. पांढरे केस, सुती साडी, पायात कापडी बूट, आणि तेही दाराबाहेर काढून अनवाणी उभ्या राहून शिकवणाऱ्या. ऊन, वारा, पाणी, सावली, माणसांच्या पायवाटा, हे शहराचं खरं सामान आहे, सिमेंट नंतर येतं, असं त्या सांगत. आमच्यातल्या कोणी छानसा टॉवर उभा केला की त्या एकच विचारत, “सुंदर आहे. हा कोणाच्या उन्हात उभा आहे?” मुलं एकमेकांकडे बघत. मीही बघे. मला तो प्रश्न गोड वाटे, पण आपल्याला लागू होतो असं काही वाटत नसे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

शेवटच्या परीक्षेसाठी खरी जागा घेऊन मॉडेल करायचं होतं. मी आमच्याच कॉलनीचं मोकळं मैदान घेतलं. त्याला कारण होतं. त्या मैदानात रस्त्याच्या कडेला दुमजली सभागृह बांधायचं कॉलनीच्या मंडळाच्या मनात होतं, त्याचा नकाशा आमच्याच ऑफिसात झाला होता आणि तो मीच काढला होता. आयता नकाशा हाताशी असताना नवीन कशाला? मी तो कॉम्प्युटरवर घेतला, घरं उभी केली, शाळा उभी केली, मागची गोदामाची लांबलचक आंधळी भिंत उभी केली, सभागृह बांधलं. मग नाशिकचे अक्षांश-रेखांश दिले, वैशाखातला एक दिवस निवडला आणि कळ दाबली. पडद्यावर उजाडलं. सावल्या लांब झाल्या, हळूहळू सरकल्या, आखडल्या, दुसरीकडे वळल्या. माझ्या अंगावर काटा आला. सोळा वर्षांत माझ्या नकाशांवर कधी ऊन पडलं नव्हतं. सभागृहाची सावली मैदानाला शिवतही नव्हती, मैदान दिवसभर लख्ख. अमोल सर म्हणाले, “काकू, एक नंबर! काहीच बदलायची गरज नाही. हेच सबमिट करा.” चार दिवस हातात होते आणि माझं काम झालं होतं. वर्गात पहिलं माझं.

मी सकाळी आठचं रंगीत चित्र छापून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मिरवायला मैदानात गेले. मिरवायला म्हणजे जिजींना दाखवायला. जिजी माझ्या शेजारी, माहेर नामपूरचं. पंचवीस वर्षं नाशकात राहून त्यांची अहिराणी एक अक्षरही हललेली नाही. जुन्या धोतरावर सोऱ्यानं कुरडया घालत त्या बसल्या होत्या. मी चित्र त्यांच्या समोर धरलं. हात चिकानं भरलेले, म्हणून त्यांनी कागदाला न शिवता मान वाकडी करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “व माय, हाऊ सूर्य कथाईन उगना?”

सूर्य कुठून उगवला म्हणे! मला वाटलं, त्यांना चित्र कळलं नसेल. मी समजावू लागले, जिजी, ही शाळा, हा रस्ता, हे आपलं मैदान.

“शाळा दिखी राहिनी मले,” त्या म्हणाल्या. “पन शाळाकडथीन सूर्य उगस का कधी? आपला सूर्य तं टाकीमांगून उगस.” आणि चिकानं माखलेलं बोट त्यांनी रस्त्यापलीकडे रोखलं.

मी वळून पाहिलं. रस्त्यापलीकडे पाण्याची उंच टाकी, आणि तिच्या मागून, रोज उगवतो तसा, सूर्य वर येत होता. त्याचं पहिलं ऊन रस्ता ओलांडून थेट जिजींच्या धोतरावर पडलं होतं, नेमकं तिथून, जिथं सभागृहाची भिंत येणार होती.

रस्ता पायाशी. मी रस्ता पायाशी घेतला होता! मशीनला काय माहीत दामूअण्णांचा धडा? त्याला कागदाची वरची कड म्हणजे उत्तर आणि खालची दक्षिण. आमचा पूर्वेचा रस्ता त्यानं दक्षिणेला टाकला आणि उत्तरेच्या शाळेमागून सूर्य उगवला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. माझं अंगण खरोखरच वाकडं होतं. आणि मी त्याच अंगणात बारा वर्षं वाळवणं घातली होती! डोक्यावरच्या पदरानं ऊन अडवत, कावळे हाकलत, पापड उलटत. ड्रॉइंग काढणारी मी आणि कुरडया घालणारी मी, या दोघींची कधी भेटच झाली नव्हती.

“सावली आठे पडनी ते मी कुरडया कोठे घालू?” जिजी शांतपणे विचारत होत्या. त्यांच्या दृष्टीनं परीक्षा संपली होती.

ऑफिसात मी दामूअण्णांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “पन उत्तरेचा बान तर काढला व्हता ना तुमी?”

“काढला होता अण्णा, कोपऱ्यात. पाहिला कोणी?”

अण्णांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसले.

आता खरं सांगते. त्या दिवशी दुपारपर्यंत मी ते तसंच सबमिट करणार होते. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. सर ‘एक नंबर’ म्हणाले होते. पास झाले की खुर्ची राहणार होती, आणि खुर्ची गेली तर चाळिशीच्या बाईला हातानं रेघा ओढायला कोण ठेवून घेणार? चूक मान्य केली तर तीन दिवसांत सगळं नव्यानं, आणि नापास होण्याची भीती वर. मी मशीनपुढं बसले, पुन्हा ती कळ दाबली आणि शाळेमागून तो खोटा सूर्य वर आला. मला तो बघवेना. राग आला. सोळा वर्षं मी एक खोटी रेघ कागदावर ठेवली नव्हती, ब्लेडनं खरवडून काढली होती. आणि आता अख्खा सूर्य खोटा ठेवू? मी उत्तर फिरवली. काटकोनात.

पडद्यावर रस्त्याकडून उजाडलं. सभागृहाची सावली काळ्या घोंगडीसारखी मैदानावर पसरली आणि साडेनऊ वाजले तरी पुरती उठेना. कुरडईला हवं असतं ते सकाळचं कोवळं ऊन. कोवळ्या उन्हात ती धरते, मग दुपारचं ऊन सोसते. साडेनऊपर्यंत सावलीत ओली बसली तर आंबते. हे मला कुठल्या कोर्सनं शिकवलं नव्हतं, हे माझ्या बोटांनाच ठाऊक होतं. मग मी सभागृह उचललं. हो, उचललं! माउसनं धरलं आणि मैदानाच्या मागच्या कडेला, गोदामाच्या आंधळ्या भिंतीशी नेऊन ठेवलं. सकाळची सावली भिंतीवर गेली. भिंतीला सावलीचं काय? आणि चारनंतर सगळी सावली मैदानात उतरली, पोरं खेळायला बाहेर पडतात बरोबर त्या वेळी. मी एकटीच टाळी वाजवली. वर्गातल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

पण एकदा तोंड पोळलेलं. आता मशीनवर विश्वास ठेवायची माझी तयारी नव्हती. दुसऱ्या दिवशी रजा घेतली, मैदानात पुरुषभर उंचीची काठी पुरली आणि जिजींना सांगितलं, कुरडया उलटता उलटता आठ, नऊ, दहा वाजता सावलीच्या टोकाशी कोळशानं खूण करायची. काठीशेजारी मी एक लांब कागद दगडांनी दाबून ठेवला होता. जिजींनी खुणा केल्या, आणि शिवाय कागदाच्या कोपऱ्यात, न सांगता, एक छोटा गोल काढून त्याला किरणं काढली. दुपारी मी मॉडेलमध्ये तेवढीच काठी उभी केली. आठची सावली जुळली. नऊची जुळली. दहाच्या सावलीत बोटभर फरक होता, तेव्हा जिजी पापडखार आणायला घरात गेल्या होत्या.

परीक्षेच्या दिवशी खोली भरलेली होती. प्रत्येकाच्या ऑफिसातून कोणी ना कोणी आलं होतं. आमचे सर मागच्या ओळीत होते, समोर त्या नियोजनाच्या बाई. माझी पाळी आली तेव्हा मी आधी चुकीचं मॉडेल लावलं. म्हटलं, “हे माझं पहिलं काम. यात सूर्य शाळेमागून उगवतो. हे चूक आहे आणि ते मी केलंय.” अमोल सरांनी कपाळाला हात लावला. मग मी दुसरं लावलं. टाकीमागून सूर्य आला, सावली घोंगडी होऊन पसरली. मग तिसरं लावलं. सभागृह मागं गेलं आणि मैदान सकाळच्या उन्हानं भरून गेलं. मी म्हटलं, “सकाळचं ऊन बायकांचं, संध्याकाळची सावली पोरांची.” हे वाक्य मी पाठ केलं नव्हतं, ते तोंडातून निघून गेलं.

बाईंनी विचारलं, “एकदा चुकला होतात. आता हा सूर्य बरोबर आहे, कशावरून?”

मी पिशवीतून तो लांब कागद काढला आणि टेबलावर उलगडला. कोळशाच्या तीन खुणा, एका कडेला वाळलेला चीक, आणि कोपऱ्यात जिजींचा सूर्य. “काठी पुरून पाहिलंय, मॅडम.”

बाई उठल्या. अनवाणी चालत टेबलाशी आल्या, कागदावरून बोट फिरवलं आणि वर्गाकडे वळून म्हणाल्या, “मी तीन महिने विचारत होते, इमारत कोणाच्या उन्हात उभी आहे. आज पहिल्यांदा कोणीतरी त्या ‘कोणाला’ विचारून आलंय.”

पुढचं मला धड ऐकू आलं नाही. कान गरम झाले होते. निकाल संध्याकाळी लागला, मी पास झाले, आणि पास म्हणजे नुसती नव्हे, पहिली! चपलांच्या रांगेत माझी चप्पल मला सापडेना, इतकं डोळ्यांत पाणी. जिन्यात आमचे सर भेटले. खुर्चीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, “ताई, सभागृह अजून कागदावरच आहे. रविवारी मंडळाच्या बैठकीत हेच दाखवा.”

दिवाळीची वाट न बघता ऑफिसात आलेला पहिला कॉम्प्युटर मी रविवारी रिक्षात मांडीवर घेऊन कॉलनीत आले. अध्यक्षांचं म्हणणं, सभागृह रस्त्यावरच हवं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे. मी वाद घातला नाही. सूर्य लावला. एरवी बैठकीला बायका फिरकत नसत, त्या दिवशी पडद्यावर सूर्य उगवणार म्हणून दारापर्यंत गर्दी. सावली पसरली तशी मागून कुजबूज वाढली. शेवटी जिजी उठल्या. “सभागृह कोठेबी बांधा, भाऊ. आमना सूर्य अडावू नका.” अध्यक्षांच्या बायकोचेही पापड त्याच मैदानात वाळत होते. ठराव एकमतानं झाला.

दिवाळीनंतर बोर्ड निघाले. माझी खुर्ची राहिली, तिच्यापुढं नवं टेबल आलं. निवृत्त होताना दामूअण्णांनी मला त्यांचं जुनं ब्लेड कागदात गुंडाळून दिलं आणि आपला धडा दुरुस्त करून दिला : “रस्ता पायाशी घ्या ताई, पन सूर्याला इचारून.” आज त्या ऑफिसात मॉडेलचा विभाग मी सांभाळते. नवीन माणूस आला की मी पहिल्या दिवशी मशीन लावू देत नाही. विचारते, तुझ्या घरी सूर्य कुठून उगवतो? हुशार मुलं पडद्याच्या उजव्या कडेकडे बोट दाखवतात. मग मी त्यांना चपला घालायला सांगते आणि गच्चीवर नेते.

सात उन्हाळे झाले. ऑफिसला निघण्याआधी आज मी मैदानात गेले. सभागृह मागच्या भिंतीशी उभं आहे, त्याच्या पायऱ्यांवर सोरे, पातेली, कावळे फिरकू नयेत म्हणून उघडून ठेवलेली काळी छत्री. जिजींना आता खाली बसवत नाही. त्या खुर्चीत बसून सुनेला सांगतात आणि सून चुकली की स्वतःच हात पुढं करतात. पहिली ओळ घालून झाली होती. पांढऱ्या ओल्या कुरडया सावलीत गारठल्यासारख्या पडल्या होत्या. मग टाकीच्या कडेवर एक ठिणगी दिसली आणि ऊन रस्ता ओलांडून आलं. कोणी अडवलं नाही. पहिल्या कुरडईवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, असं सगळ्या धोतरभर पसरलं.

जिजींनी डोळ्यांवर हात धरून टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“उगना का व, तुना सूर्य?”

“उगना, जिजी,” मी म्हटलं.